बेरीज चुकतेय, मंडळी!

नवी मुंबईत फ्लॅट विकायला काढलेल्या कुणालाही किंमत विचारा, उत्तर साधारण असं येतं : "वेबसाइट नव्वद लाख दाखवतेय, शिवाय आम्ही आठ लाखांचं इंटिरिअर केलंय." म्हणजे अठ्ठ्याण्णव. हिशेब संपला!

माझं म्हणणं, ही बेरीजच चुकीची आहे. पहिला आकडा कच्चा आहे, आणि दुसरा त्यात मिळवायचा नसतोच.

आधी वेबसाइट. आपल्याकडचे हे ऑनलाइन अंदाज बरेचसे जाहिरातींतल्या भावांवर उभे असतात. जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा, झालेला सौदा नव्हे. शेजारी नव्वद टाकतो, ते बघून तुम्ही पंच्याण्णव टाकता आणि काही दिवसांनी तुमच्या सेक्टरचा 'भाव' वाढलेला दिसतो. इनपुट असं असेल तर आउटपुटला दोष देऊन काय उपयोग?

अमेरिकेत झिलो २००६पासून घरांच्या किमतीचा अंदाज देते. तिकडे बऱ्याच राज्यांत विक्रीचे खरे आकडे जाहीर असतात, म्हणजे डेटा आपल्यापेक्षा कितीतरी बरा. त्या जोरावर कंपनीने २०१८मध्ये स्वतःच घरं विकत घ्यायची, डागडुजी करायची आणि विकायची असा धंदा सुरू केला. नोव्हेंबर २०२१मध्ये तो गुंडाळला. त्याआधीच्या एका तिमाहीत हातातल्या घरांची किंमत सुमारे ३० कोटी डॉलरने कमी करून दाखवावी लागली होती. ज्यांनी आकडा काढला, त्यांनाच त्या आकड्यावर धंदा झेपला नाही! आपण त्यावर आईबाबांची पुंजी लावायची?

खरा डेटा आपल्याकडेही आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स-२ बघता येतो. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ असं सगळं असतं. मोबदल्याचा आकडा दरवेळी शंभर टक्के खरा असतोच असं नाही, हे आपण जाणतोच. तरीही तुमच्या बिल्डिंगमधले दोन-तीन ताजे सौदे हे कुठल्याही ग्राफपेक्षा जास्त बोलतात.

आता इंटिरिअर. सरकारी रेडी रेकनर बघा. इमारत किती जुनी, मजला कितवा, हे त्याला कळतं. मॉड्युलर किचनचा रकानाच नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर कार्पेट एरिया मोजतो आणि मंजूर नकाशा बघतो. परवानगीशिवाय बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल, तर ती 'सुधारणा' उलट आडवी येते. गिऱ्हाईकही पाणी, पार्किंग, छताची गळती आणि सिडकोच्या कागदावर आजवरची हस्तांतरणं नीट चढलीत का, हे विचारतं. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी नेरुळचा वन बीएचके विकायच्या आधी निवृत्तीच्या पैशातून नवं किचन बसवलं. घेणाऱ्या जोडप्याने ताबा मिळाल्यावर पहिलं काय तोडलं असेल? तेच किचन. रंग आवडला नाही म्हणे.

वाशीत तर गंमतच आहे. सेक्टर ९-१०मधल्या सिडकोच्या जुन्या, धोकादायक ठरलेल्या इमारतींसारख्या ठिकाणी भाव ठरतो तो पुनर्विकासात किती कार्पेट मिळणार यावर. तिथे इटालियन मार्बल लावलात काय नि शहाबादी ठेवलीत काय, दोन्हींवर एकच जेसीबी चालणार. उलव्यात बघा, तिथला भाव वर्षानुवर्षं विमानतळाच्या नावाने हलत राहिला. अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला, विमानतळावरून डिसेंबर २०२५मध्ये विमानं उडायला लागली. यातलं काहीच कुणाच्या चार भिंतींच्या आत घडलेलं नाही.

मग घर सजवायचंच नाही का? जरूर सजवा, पण त्याला गुंतवणूक म्हणू नका. आठ लाख खर्च करून दहा वर्षं राहिलात तर महिन्याला साधारण सहा हजार सातशे पडले. तेवढ्याचं सुख मिळणार असेल तर बिनधास्त करा. वर्षा-दोन वर्षांत विकणार असाल तर गळती काढा, पांढरा रंग मारा, कागद नीट लावा आणि थांबा. विकायच्या घराच्या इंटिरिअरसाठी पर्सनल लोन तर अजिबात नको. आणि खरंच भाव टिकवायचा असेल तर सोसायटीच्या मीटिंगला जा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि स्ट्रक्चरल ऑडिट हे विषय निघाले की आपण सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतो. तुमच्या घराची किंमत मात्र तिथेच ठरत असते.