कोठाराची किल्ली



पौष वद्य एकादशीला आपण त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला येता. कडाक्याची थंडी, कुशावर्तावर गर्दी, रस्त्याच्या दोन्ही कडांना राहुट्या. त्यातल्या एखाद्या राहुटीवर 'मोफत आरोग्य शिबिर' असा फलक असतो. फलकावर फोटो पाच-सहा जणांचे आणि राहुटीत डॉक्टर एकच. रक्तदाब मोजतात, कागदाच्या पुडीत गोळ्या देतात, पुढच्याला बोलावतात. अशा शिबिरात टेबलामागे बसून नावे लिहिण्याचे काम मीही केले आहे. एका वर्षी पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची एक माळकरी बाई रांगेत होती. महिनाभर खोकला, अंगातली ताकद गेलेली. तिला खोकल्याची बाटली दिली, वहीत नाव-गाव लिहिले आणि पुढे सरकवले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची असते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तिच्या गावच्या आशाताईला निरोप धाडायला हवा होता, तो मी धाडला नाही. संध्याकाळी 'शेकडो भाविकांनी लाभ घेतला' अशी बातमी मात्र आम्ही न विसरता पाठवली.

चार महिन्यांनी कळले की तिला क्षयच होता. तोवर घरातली सूनही खोकू लागली होती.

म्हणून आज थोडे कडू बोलतो. एका दिवसाच्या शिबिराला आपण आरोग्यसेवा म्हणतो, ते बंद करू या. यात्रेत ज्याला पाय चेपून घ्यायचे आहेत, त्याला ती राहुटी उपयोगी आहे, तिला माझे काही म्हणणे नाही. पण ज्यांना दवाखाना सगळ्यांत लांब आहे, ते यात्रेच्या रस्त्यावर राहत नाहीत. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक, इगतपुरी इथल्या पाड्यांवर ते राहतात. पावसाळ्यात ओढा भरला की तिथली वाट तुटते. २०२३ च्या पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवरची गर्भवती झोळीतून रस्त्यापर्यंत आणावी लागली आणि ती वाचली नाही. ज्या डोंगरात गोदामाई उगम पावते त्याच डोंगरांच्या कुशीतली ही गोष्ट आहे. आपण तिथे स्नान करून पुण्य घेऊन येतो.

यावर आपल्यातलेच पुष्कळ जण म्हणतात, 'महाराज, हे शासनाचे काम. पैसा कुठून आणायचा? आपण नामस्मरण करावे.' पैसा नाही, हे खोटे आहे. पैसा आहे, तो मागणारा नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली? दुष्काळात लोक तडफडत होते, दामाजीपंतांनी बादशहाचे कोठार उघडले आणि धान्य वाटले. ते कोठार त्यांचे नव्हते, उघडण्याची परवानगीही नव्हती. शिक्षा होणार हे माहीत असून त्यांनी दार उघडले, आणि देव विठू महार होऊन बिदरला पैसे भरून आला. ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. आजचे कोठार मात्र कायद्याने आपलेच आहे. ते उघडायला शिक्षा नाही, फक्त ग्रामसभेत उठून बोलायचे आहे. आपण तेवढेही करत नाही.

कोठारात काय आहे ते सांगतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छतेची समिती असायला हवी. तिच्या हाती अबंध निधी द्यायचा. मूळ तरतूद गावामागे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतची. आजारी माणसाला तातडीने न्यायला गाडी, विहिरीत टाकायचे औषध, कुपोषित मुलाचा खाऊ, असल्या खर्चासाठी तो आहे. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, सांगता येईल का? मागची बैठक कधी झाली? सप्ताहाच्या समितीतली माणसे आपल्याला तोंडपाठ असतात, म्हणून विचारतो.

दुसरा कणगा मोठा आहे. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके पूर्ण आणि त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी, बागलाणमधली कितीतरी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५ पासून थेट या ग्रामपंचायतींकडे येतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्याचा एक ठरलेला भाग आहे. मी ज्या दोन-तीन ग्रामसभांना बसलो, तिथे चर्चा सभामंडपाची आणि पेव्हर ब्लॉकची झाली. उपकेंद्राला पाणी नाही, बाळंतपणाच्या खोलीत दिवा नाही, हा विषय कुणी काढला नाही. सभेला माळकरी होते. मागच्या रांगेत बसले होते, मीही त्यांतच.

इथे एक गैरसमज दूर करतो. शासनाचे काम आपण अंगावर घ्यावे, असे मी म्हणत नाही. उलट आपल्या वर्गणीने शासनाची जबाबदारी झाकू नये. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, घरून नेणे आणि परत आणून सोडणेही मोफत आहे. आदिवासी भागात गर्भवती आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे पूर्ण जेवण आहे. ते ताट रोज वाढले जाते का, हे पाहायला अंगणवाडीच्या ओट्यावर जाऊन बसायला पैसे लागत नाहीत. पंगतीत कुणी उपाशी राहिले का हे पाहत फिरणारी माणसे आपल्या प्रत्येक दिंडीत आहेत. तीच नजर हवी.

आता आपल्या स्वतःच्या पैशाकडे येऊ, कारण दुखते ते तिथे. २०२४ च्या आषाढीला शासनाने दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये जाहीर केले. आपण आनंदाने हात पुढे केला, त्यात गैर नाही. पण हे आकडे शेजारी ठेवून पाहा. एका गावाच्या वर्षभराच्या आरोग्याला १०,००० आणि एका दिंडीच्या एका वारीला २०,०००. शिवाय सप्ताहाचा मंडप, ध्वनिक्षेपक, कीर्तनकारांची बिदागी, काल्याचा महाप्रसाद. मी सप्ताह मोडा म्हणत नाही. सप्ताहाच्या हिशेबाच्या वहीत 'रुग्णसेवा' असे एक पान असावे एवढेच म्हणतो.

त्या पानावर पहिली नोंद कसली करावी, तेही सांगतो. क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आहारासाठी रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये येत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पण सहा महिने रोज औषध घ्यायचे तर पोटात डाळ, शेंगदाणे, अंडे पडायला हवे, आणि हातावर पोट असलेल्याला हजारात ते भागत नाही. यासाठी २०२२ पासून 'निक्षय मित्र' ही सोय आहे. कुणीही माणूस, मंडळ, संस्था नाव नोंदवून रुग्णाला दर महिन्याला पोषण आहाराची पिशवी देऊ शकते. शिध्याच्या पिशव्या भरण्यात आपला हात कोण धरणार? पन्नास माणसांच्या दिंडीने दोन रुग्ण सहा महिने सांभाळले तर दिंडीला जड जाणार नाही. फक्त पिशवी देताना फोटो काढू नका. पाड्यावर क्षयाचे नाव अजून लपवतात, फोटो गावभर फिरला तर ते घर आपल्याला दारात उभे करणार नाही.

मोठा पैसा हवा असेल तर तोही आपल्याच वाटेवर आहे. त्र्यंबकहून निघालेल्या नाथांच्या पालखीचा एक मुक्काम सातपूरला असतो. तिथे औद्योगिक वसाहत आहे, कारखान्यांच्या फाटकांवर चहा-बिस्किटे मिळतात आणि आपण आशीर्वाद देऊन पुढे जातो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, आणि आरोग्य व पोषण त्यात बसते. तो पैसा आपल्याला का मिळत नाही? कारण आपल्या बहुतेक दिंड्या कागदावर नाहीतच. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नाही, लेखापरीक्षण नाही, प्राप्तिकराची बारा-ए आणि ऐंशी-जी ही प्रमाणपत्रे नाहीत. एप्रिल २०२१ पासून तर असा निधी घेणाऱ्या संस्थेला केंद्राकडे सीएसआर-१ हा फॉर्मही भरावा लागतो. हे रूक्ष वाटते खरे. पण ज्या मंडळात वीणा कुणाकडून कुणाकडे गेला याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असते, तिथे तीन वर्षांचे ताळेबंद ठेवणे अवघड का व्हावे? एकेका दिंडीला जमत नसेल तर तालुक्यातल्या दहा दिंड्यांनी मिळून एक न्यास करावा. तिथे आपला मान आडवा येतो, हे आपण सारे जाणतो.

'आम्ही डॉक्टर नाही' ही सबब मी पुष्कळदा ऐकली. पालखी ज्या अहिल्यानगर जिल्ह्यातून जाते, तिथेच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले आणि गावोगावच्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बाळंतपणे करू लागल्या, जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरची माणसे ते पाहायला जामखेडला आली. आपण शेजारून पालखी घेऊन जातो.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यांचीही एक गोष्ट आहे, ती प्रत्येक फडावर सांगितली गेली पाहिजे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ कक प्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. जीव धोक्यात असलेल्या रुग्णाकडे आधी अनामत मागता येत नाही. सुरगाण्याहून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते, आणि खिडकीवरचा माणूस आपण होऊन सांगत नाही. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घरी आधीच काढून ठेवायला हवा. आजार आल्यावर तो मिळवायला दिवस जातात. नाशकात राहणाऱ्या माळकऱ्यांनी आठवड्यातला एक दिवस अशा रुग्णाबरोबर खिडकीपाशी उभे राहण्यासाठी दिला, तर तो दिवस एकादशीच्या तोडीचा होईल असे मला वाटते.

आणि कुठल्याच योजनेत न बसणारे खर्च उरतात. सोबत आलेल्या नातलगाची भाकरी, परतीचे भाडे, रात्री टेकायला जागा. गाडगेबाबांना हे नेमके उमगले होते, म्हणून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. नाशिकच्या घाटावरची आपण पाहतोच. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात आलेल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. आपली वर्गणी खर्ची पडावी ती इथे, जिथे सरकारचा हात पोहोचत नाही.

पौषातली यात्रा आणि २६ जानेवारीची ग्रामसभा बहुधा मागे-पुढे येतात. यंदा यात्रेहून परतल्यावर त्या सभेला जा, आणि या खेपेला पुढच्या रांगेत बसा. आरोग्य समितीच्या खात्यात किती शिल्लक आहे आणि मागच्या वर्षी ते कशावर गेले, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा. आणि घरी येताना आशाताईच्या दारावरून या. तिला विचारा, गावात कोण खोकत आहे.