सारथ्याच्या पथारीविषयी

मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई यांस,



गेल्या मे महिन्यात वृद्ध मातोश्री, पत्नी, धाकटे बंधू, भावजय आणि पुतण्या अशा परिवारासह भाड्याच्या मोटारीने नागपूरहून कोकणापर्यंत आठ दिवसांचा प्रवास मी केला, आणि त्यातल्या पहिल्याच मुक्कामी जे दृष्टीस पडले ते आपल्या कानी घातल्यावाचून मला स्वस्थता वाटत नाही. समृद्धी महामार्गाने नागपूर ते शिर्डी हे ५२० किलोमीटरांचे अंतर आम्ही एका दिवसात काटले. शिर्डीजवळच्या एका हॉटेलात तीन खोल्या आधीच राखून ठेवल्या होत्या. तेथील नोंदवहीत आम्हा सहाही जणांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उतरवून घेण्यात आले. ज्यांच्या हाती दिवसभर आमचे प्राण होते त्या आमच्या चालकाचे, भाऊंचे, नाव मात्र कोणी विचारले नाही, आणि मीही ते सांगितले नाही. त्यांची काही सोय असेलच, असे मी गृहीत धरले होते.

पहाटे तीनच्या सुमारास मातोश्रींच्या औषधांची पिशवी गाडीत राहिल्याचे ध्यानात आले म्हणून खाली उतरलो. पत्र्याच्या छपराखाली ओळीने गाड्या उभ्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत एकेक मनुष्य निजला होता. आमच्या भाऊंनी आसन मागे टाकून पाय समोरच्या फळीवर टेकवले होते, डासांसाठी तोंडावर दुपट्टा ओढला होता आणि काच चार बोटे खाली केली होती. पुढच्या चाकाशेजारी फरशीच्या तुकड्यावर डासांची कॉइल जळत होती. चाहूल लागताच ते दचकून उठले. त्यांचे घोटे सुजले होते. सकाळी सहाला, बागेला पाणी घालण्याच्या नळावर ते तोंड धूत असताना मी व्यवस्थापकांस विचारले, तेव्हा कोणताही आडपडदा न ठेवता ते म्हणाले, "ड्रायव्हर लोक गाडीतच झोपतात, साहेब. सगळीकडे असंच आहे."

सगळीकडे असेच आहे, हेच या पत्राचे कारण. महामार्गावर मोटारींस ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे; त्या वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात तेहतीस मीटर पुढे जाते, म्हणजे सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचा डोळा दोनच सेकंद लागला तरी सहासष्ट मीटरांपर्यंत ती कोणाच्याच ताब्यात नसते. मुक्कामाचा भत्ता मी भाऊंना दिला होता. परंतु गाडीचे हप्ते फेडणारा मनुष्य त्या पैशांतून खोली घेत नाही, ते घरी पाठवतो, आणि त्यासाठी त्याला दोष देण्याचे धार्ष्ट्य माझ्यापाशी नाही. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने रात्रीच्या मुक्कामी विश्रांतीची जागा देण्याचे दायित्व मालकावर टाकले होते खरे, पण तो अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. भाऊंसारखा, स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेला, एका गाडीवर प्रपंच ओढणारा मनुष्य त्याच्या कक्षेत येतच नव्हता.

ज्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर धर्मशाळा आणि घाट उभारले त्यांच्या प्रांतातले आपण. जुन्या धर्मशाळेत गाडीवानाला ओवरी होती, बैलांना दावण होती. तमिळनाडू शासनाने २०२३ साली आपल्या बांधकाम नियमांत दुरुस्ती करून हॉटेले आणि लॉज यांनी पाहुण्यांच्या चालकांसाठी शौचालयासह निजण्याची जागा ठेवलीच पाहिजे, अशी तरतूद केली. आपल्या खात्याच्या २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हॉटेलाने वाहनांसाठी किती जागा सोडावी याचे कोष्टक आहे. त्याच कोष्टकाशेजारी, अमुक खोल्यांमागे चालकासाठी एक खाट, न्हाणीघर आणि शौचालय, अशी सक्तीची आणि निःसंदिग्ध ओळ घालावी, स्त्री चालकांसाठी वेगळी तजवीज असावी, आणि जुन्या हॉटेलांस त्यासाठी वाजवी मुदत द्यावी, एवढीच माझी प्रार्थना आहे. जागा नाही, परवडत नाही, अशी तक्रार हॉटेलचालक करतील. छोट्या गावातल्या छोट्या लॉजवर भार पडेल हे मीही जाणतो, म्हणून एका गल्लीतल्या चार-पाच लॉजनी मिळून एकच जागा राखली तरी चालावे.

हे अशक्य नाही, असे मी अनुभवाने लिहितो. शिर्डीनंतर प्रत्येक मुक्कामापूर्वी दूरध्वनी करून चालकाची सोय मी आधी विचारू लागलो. दोन ठिकाणी नकार आला. तिसरीकडे, कोकणातल्या एका साध्या लॉजमध्ये, स्वयंपाकघरामागची खोली चालकांसाठीच राखलेली निघाली. एकावर एक अशा चार खाटा, एक पंखा, कपडे अडकवायला खुंट्या आणि लगत न्हाणी. भाऊ रात्री नवाला निजले ते सहाला उठले, आणि दाढी करून, धुतलेला सदरा घालून गाडीपाशी आले, तेव्हा पुतण्याने त्यांना क्षणभर ओळखलेच नाही. त्या खोलीची लांबी-रुंदी मी पावलांनी मोजून घेतली आहे: बारा फूट बाय दहा फूट. कोष्टक तयार करताना कामी यावी म्हणून ती येथे नमूद करतो.

आपला नम्र,
नागपूरचा एक प्रवासी