वेग वाढवण्याआधी ताप मोजा

मे महिन्यातील रविवार. नागपूरचा पारा त्या आठवड्यात 44 च्या खाली उतरायला तयार नव्हता. दुपारी चारच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, जरा येऊन पाहा जी. कॉम्प्युटर सारखा बंद पडून राहिला. गटाचा हिशेबच उघडत नाही."

हिशेब म्हणजे बचत गटाचा. चौदा बायकांची दरमहाची बचत, कोणी किती कर्ज उचलले, किती फेडले, हे सारे ताईंची थोरली लेक घरच्या संगणकावर लिहून ठेवते. त्याच संगणकावर लग्नपत्रिका आणि शाळांचे पेपर टाइप करून ती घराला हातभार लावते. संगणक जुनाच, पण भिशीच्या पैशातून घेतलेला. त्या घरात त्याचा मान शिलाई मशीनएवढा आहे.

आम्ही गेलो. धाकटा मुलगा, नुकतीच बारावी झालेला, मान खाली घालून बसला होता. थोड्या वेळाने त्यानेच सांगितले, "काका, मी ओव्हरक्लॉक केला होता. गेम अडखळत होता म्हणून. पण जानेवारीपासून तर नीट चालत होता!"

या एका वाक्यातच दुखण्याचे मूळ होते. ते आम्हाला आज वाचकांपुढे ठेवायचे आहे, कारण असा एकच संगणक असलेली आणि असा हौशी मुलगा असलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो ठोक्यावर चालतो. 3.6 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 360 कोटी ठोके. आजच्या बहुतेक संगणकांत मूळ ठोका 100 मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला गुणक लावलेला असतो. 100 गुणिले 36 म्हणजे 3.6 गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये जाऊन हा गुणक 40 केला की झाले 4.0. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर असा जोरात पळवणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सगळेच प्रोसेसर आणि सगळेच मदरबोर्ड याला मुभा देत नाहीत. याने घेतलेले देत होते.

हे काम म्हणजे पोरकटपणा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. 1998 साली इंटेलने सेलेरॉन 300ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा मूळ ठोका 66 चा आणि गुणक साडेचार, म्हणून वेग 300 मेगाहर्ट्झ. लोकांनी मूळ ठोका 100 केला आणि तोच प्रोसेसर 450 वर पळू लागला. त्या वेळी 450 चा पेंटियम टू याच्या कित्येक पट महाग होता. कमी पैशात महागाइतके काम मिळाले, याचा अनेकांना आनंद झाला आणि तो रास्तच होता.

हे शक्य झाले, कारण एकाच कारखान्यातून निघालेले सगळे प्रोसेसर सारखे नसतात. कंपनी ते तपासते, त्यांची प्रतवारी लावते आणि थोडी जागा राखून वेग ठरवते. ती राखलेली जागा वापरणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आता मात्र नवे प्रोसेसर गरजेप्रमाणे आपला वेग आपणच वाढवतात आणि तापले की आपणच कमी करतात. राखीव जागा कंपनीने आधीच वापरून टाकलेली असते. हाताने एकच वेग पक्का केला, तर हलक्या कामात मूळचा वेगही हातचा जाऊ शकतो.

आता तापाचे गणित पाहू. ठोके वाढले की प्रोसेसर चुकू लागतो, मग त्याला स्थिर करण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते. व्होल्टेज वाढले की उष्णता वर्गाच्या हिशेबाने वाढते. या मुलाने वेग 3.6 वरून 4.0 केला, म्हणजे 11 टक्के वाढ. व्होल्टेज 1.25 वरून 1.40 केले, म्हणजे 12 टक्के वाढ. पण 1.12 ला 1.12 ने गुणा, मग 1.11 ने गुणा. उत्तर सुमारे 1.39 येते. वेग मिळाला 11 टक्के, उष्णता वाढली 39 टक्के! 65 वॅटवर चालणारा प्रोसेसर 90 वॅटवर गेला. पंखा मात्र तोच.

आणि पंखा काही थंडी तयार करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता खोलीच्या हवेत टाकतो, एवढेच. खोलीची हवा जितकी गरम, तितका प्रोसेसर जास्त गरम. जानेवारीत त्या खोलीत 20 अंश असतील, तर मे महिन्यात पत्र्याखाली आम्ही मोजले ते 40. म्हणजे तोच संगणक, तेच काम, पण प्रोसेसर जवळजवळ 20 अंशांनी अधिक तापलेला. जानेवारीत पास झालेला वेग मे महिन्यात नापास झाला. मुलाला हे सांगितले तेव्हा तो पटकन म्हणाला, "म्हणजे मी परीक्षाच चुकीच्या महिन्यात घेतली!" आम्हाला त्याचे हे उत्तर फार आवडले.

तापलेला प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास स्वतःला आवरतो आणि वेग कमी करतो. त्यामुळे वाढवलेला वेगही हाती राहत नाही. पण खरा धोका वेगळाच आहे. काठावर चालणारा प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असे नाही. कधी तो चालूच राहतो आणि चूक करतो. गेममध्ये ती चूक पडद्यावर एखादा ठिपका होऊन जाते. हिशेबाची फाइल लिहिताना तीच चूक झाली, तर फाइल उघडत नाही. ताईंच्या घरी तेच झाले.

तिसरी गोष्ट झिजेची. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता यांनी प्रोसेसरच्या आतल्या बारीक तारा हळूहळू झिजतात. हे मोठमोठ्या कंपन्यांनाही भोवले आहे. 2000 साली इंटेलने 1.13 गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणला. काही कामांत तो चुकतो, हे परीक्षकांनी दाखवून दिले आणि ऑगस्टमध्ये तो परत मागवावा लागला. 2024 साली याच कंपनीचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात होते, हे कंपनीने मान्य केले, दुरुस्ती दिली, हमी दोन वर्षांनी वाढवली. पण जे आधीच झिजले होते, ते त्या दुरुस्तीने बरे झाले नाहीत. जिथे कारखान्याचे माप चुकू शकते, तिथे आपण अंदाजाने किती वाढवावे?

आम्ही त्या दिवशी काय केले ते सांगतो. प्लग काढला, बायोस मूळ स्थितीवर आणला. कॅबिनेट उघडले, तर हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा गालिचा. पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढली. हीटसिंक ओढून न उपटता हलके डावीउजवीकडे फिरवून सोडवले. खालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. कॅबिनेट बंद टेबलाच्या कप्प्यात होते, ते बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवले. डेझर्ट कूलरची ओली हवा थेट त्यावर येत होती, तीही वळवली. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात धक्का साठलेला असतो.

मग प्राइम 95 नावाचा कस लावणारा प्रोग्राम अर्धा तास चालवला. आधी पारा 95 ला टेकत होता, आता त्याच खोलीत 78 वर थांबला. गेमही अडखळला नाही! म्हणजे त्याला हवा असलेला वेग धुळीखालीच दबलेला होता.

तरीही ज्याला ओव्हरक्लॉकिंग शिकायचे आहे, त्याने जरूर शिकावे. मात्र घराची मिळकत ज्यावर आहे, त्या संगणकावर नव्हे. जुना बोर्ड मिळवावा. आधी फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. गुणक एका वेळी एकच पायरी वाढवावा, व्होल्टेज तसेच ठेवावे. प्रत्येक पायरीला कस लावावा, तापमान वहीत लिहावे. चुकला की एक पायरी मागे यावे आणि तिथेच थांबावे. परीक्षा उन्हाळ्यात घ्यावी. उलटही करून पाहावे: वेग तोच ठेवून व्होल्टेज 0.025 ने कमी करावे. संगणक स्थिर राहिला तर ताप उतरतो, पंख्याचा आवाज उतरतो, वीजही वाचते. ही विद्याही तितकीच मोलाची आहे.

गटाचा हिशेब वाचला तो बायकांच्या पासबुकांमुळे. दोन संध्याकाळी बसून मुलाने आकडे वाचले आणि बहिणीने ते पुन्हा भरले. चौदाही जणींची बेरीज जुळली, तेव्हा ताईंनी चहा ठेवला.

आता त्या घरी संगणकाशेजारी एक वही असते. तारीख, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान. दर दोन महिन्यांनी धूळ काढल्याची नोंद. आणि दर शनिवारी बहिणीच्या अक्षरात एक ओळ: हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली.