आलेख आला, म्हणजे झाले?

गेल्या वर्षी आमच्या वर्गाच्या भित्तिपत्रकावर पावसाचा एक आलेख लागला होता. खानापूर तालुक्यातील एका गावी बारा महिन्यांत किती पाऊस पडला, त्याचा. रेघ निळी, ठिपके गोल, शीर्षक ठळक. तो आलेख मी काढला होता, आणि तो चुकीचा होता. चूक कुणा प्राध्यापकांनी दाखवली नाही, संगणकाने तर नाहीच नाही. त्याच भागातून रोज बसने येणारा एक वर्गमित्र आलेखापुढे उभा राहून म्हणाला, "ऑगस्टात एवढाच पाऊस? अरे, ऑगस्टात आमच्या भाताचा बांध फुटला होता!"

घडले ते असे. ज्या नोंदवहीतून आकडे उतरवले, तिच्यात ऑगस्टचे पान फाटलेले होते. मी आकडे ओळीने टाकत गेलो. महिने झाले १२, आकडे झाले ११. पायथॉन भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या ग्रंथालयाला (ग्रंथालय म्हणजे तयार आज्ञावलींचा संग्रह) मी ते दिले, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांचा मजकूर आला. त्याच्या शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिले होते की, एक्स आणि वाय यांची लांबी सारखी हवी, येथे एकाची १२ आहे व दुसऱ्याची ११. रात्रीचे अकरा वाजले होते. मी महिन्यांच्या यादीतून शेवटचा डिसेंबर खोडला. लाल अक्षरे गेली, आलेख आला. सप्टेंबरचा पाऊस ऑगस्टात गेला, ऑक्टोबरचा सप्टेंबरात, आणि पावसाळा एक महिना आधीच आवरला. आपल्याकडे वर्षअखेरीस पाऊस नसल्यातच जमा, त्यामुळे शेपटाकडे शंका यावी असेही काही दिसत नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, या प्रसंगात दोषी कोण? संगणकाने आपले काम चोख केले होते. हिशेब जुळत नाही, हे त्याने सांगितले. मी त्याचे ऐकून घेण्याऐवजी त्याला गप्प केले. माझे मत असे की, संगणकाच्या खोलीत बसणाऱ्या आपणा बहुतेकांचे हेच चालले आहे. दोषसूचना म्हणजे काहीतरी अपमान झाला, तो लवकरात लवकर पुसून टाकावा, अशी आपली वृत्ती असते. शेजाऱ्याच्या आज्ञावलीतली ओळ उचलून डकवायची, नाही चालली तर दुसऱ्याची. चालली का चालली हे विचारायचे नाही.

वास्तविक या सूचना वाचणे कठीण नाही. तीस ओळी आल्या तरी घाबरू नये. आधी सर्वांत खालची ओळ वाचावी, मग वर जात जात आपण स्वतः लिहिलेली ओळ कोठे आहे ते पाहावे. मधल्या साऱ्या ओळी ग्रंथालयाच्या पोटातल्या असतात. माझ्या एका मैत्रिणीचे उदाहरण सांगतो. तिने शीर्षक देताना कंसाऐवजी बरोबरचे चिन्ह वापरले. संगणकाने तक्रार केली नाही, पण शीर्षकही उमटले नाही. तिने ओळ दुरुस्त केली, आणि आता मात्र सूचना आली की, शब्दमालिकेला आज्ञा म्हणून बोलावता येत नाही. ओळ तर बरोबर! दोन तास गेले. कारण एवढेच की, शीर्षक देणाऱ्या आज्ञेच्या नावावर तिने पहिल्या चुकीत नुसता मजकूर लिहून ठेवला होता आणि चालू सत्राने तो लक्षात ठेवला होता. सत्र नव्याने सुरू करताच सारे सुरळीत झाले. दुसऱ्या एकाने आपल्या आज्ञावलीच्या फाइलीलाच मॅटप्लॉटलिब हे नाव दिले; मग पायथॉन खऱ्या ग्रंथालयाऐवजी त्याचीच फाइल उघडून बसू लागला. आलेख आधी पडद्यावर दाखवून, खिडकी मिटल्यावर साठवला तर कोरा कागद मिळतो, हा अनुभव तर वर्गात निम्म्यांनी घेतला असेल. अशा चुका हसून सोडून द्याव्यात. त्या वेळ खातात, पण कुणाला फसवत नाहीत.

फसवतात त्या निराळ्याच. पांडास या साधनाने तक्ता वाचताना एखाद्या आकड्यात हजाराचा स्वल्पविराम राहिला, तर तो सबंध स्तंभ संख्या म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून वाचला जातो. मॅटप्लॉटलिब मजकूरही निमूटपणे घेते आणि जो शब्द आधी आला तो खाली, नंतरचा त्याच्या वर, असे सारख्या अंतरावर मांडत जाते. सगळे आकडे वेगवेगळे असले तर चक्क सरळ चढती रेघ मिळते! पाऊस असो, परीक्षेचे गुण असोत की कांद्याचा भाव, प्रगती अखंड. उभ्या अक्षावरचे आकडे वाचले तरच कळते की, ३१२ च्या वर ४५ बसलेला आहे.

त्याहून सोज्वळ दिसणारी फसवणूक म्हणजे शेजारी शेजारी काढलेले दोन आलेख. खानापूर सह्याद्रीच्या कुशीत, अथणी पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. एकाच जिल्ह्यातले हे दोन तालुके, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक. तरी दोघांचे आलेख एकाच आकृतीत बाजूबाजूला काढा, दोन्हींचे खांब सारखेच उंच येतात, कारण प्रत्येक चौकटीचा अक्ष ग्रंथालय आपल्या मनाने वेगळा ठरवते. दोघांना एकच उभा अक्ष द्यायचा तर तसे सांगावे लागते. शब्द एकच आहे, शेअरवाय. तो न लिहिल्याबद्दल कोणतीही सूचना येत नाही. पाहणाऱ्याने मात्र अथणीत दुष्काळ कसला, असे विचारले तर त्याला काय दोष द्यावा?

म्हणून आलेखाची सजावट ही फावल्या वेळची हौस आहे, असे मला वाटत नाही. अक्ष, एकके, रंग, रेघेचा प्रकार हे सारे विधानाचेच भाग आहेत. या ग्रंथालयाचा जन्मही शोभेसाठी झाला नव्हता. जॉन हंटर हे मज्जाजीवशास्त्राचे अमेरिकन संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-नोंदी पाहण्याचे साधन त्यांना हवे होते. त्यांनी मॅटलॅबच्या धर्तीवर हे ग्रंथालय रचले, २००३ साली ते सर्वांना खुले केले आणि २०१२ साली ते वारले. त्यांच्या मागे स्वयंसेवकांनी काम पुढे नेले. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी जुनी इंद्रधनुषी रंगमाला नेहमीच्या वापरातून काढली आणि गर्द जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत क्रमाने उजळत जाणारी नवी आणली. जुन्या रंगमालेची दोन्ही टोके काळसर असल्याने काळ्या-पांढऱ्या छपाईत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी एकसारखेच दिसत. आपला हा अंकही काळ्या शाईतच छापतात. तेव्हा तांबडी रेघ आणि हिरवी रेघ असे लिहिण्याऐवजी एक सलग, एक तुटक, एकीवर चौकोन, दुसरीवर त्रिकोण, असे करणाऱ्याचेच म्हणणे वाचकाला कळेल.

आता आपल्या भाषेचे. या अंकासाठी मी आलेखावर मराठी अक्षरे घालू गेलो, तर नुसते चौकोन उमटले. सूचना स्पष्ट होती: नेहमीच्या डेजावू टंकात ही अक्षरे नाहीत. देवनागरीचा नोटो टंक निवडला. 'जून', 'जुलै', 'खानापूर', 'अथणी' छान आले. पण 'डिसेंबर'मधली पहिली वेलांटी 'ड'च्या मागे जाऊन बसली आणि 'सप्टेंबर'चा 'प' पाय मोडून एकटा उभा राहिला. टंक असणे वेगळे आणि अक्षरे जुळवता येणे वेगळे. आमच्या प्रयोगशाळेतल्या आवृत्तीला दुसरे येत नाही. कन्नड विभागाचा संपादक शेजारीच होता. त्याचे ओत्तक्षर खाली लटकायचे ते बाजूला सुटे पडले होते. सीमाभागात निदान या एका प्रश्नावर आमचे दोघांचे एकमत झाले. शेवटी तोडगा निघाला तो असा की, आलेख एस.व्ही.जी. प्रकारात साठवायचा आणि अक्षरांच्या आकृत्या न करता मजकूर मजकूरच ठेवायचा. मग इंकस्केपमध्ये उघडल्यावर दोन्ही लिप्या नीट जुळतात. अर्धा दिवस गेला. "इंग्रजीत घाला की, कोण पाहतंय," असे तिघांनी सुचवले. पण ज्याने माझी चूक पकडली त्याचे वडील मराठी वाचतात, इंग्रजी नाही; आणि त्या गावच्या पावसाबद्दल आम्हा सर्वांपेक्षा त्यांना अधिक कळते.

आमच्या विभागापुढे माझे एक मागणे आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत आज फक्त शेवटचा आलेख चिकटवावा लागतो. त्याच्यासमोरच्या पानावर, वाटेत कोणत्या सूचना आल्या आणि त्यांचे कारण काय निघाले, हेही लिहायला लावावे व त्याला गुण द्यावेत. वही जाड होईल, तपासणाऱ्यांना त्रास होईल, हे खरे. पण असे पान माझ्या वहीत असते, तर '१२ आणि ११' यापुढे 'डिसेंबर खोडला' असे लिहिताना माझा हात नक्कीच अडखळला असता.

भित्तिपत्रकावरचा आलेख मी बदलला आहे. ऑगस्टच्या जागी आकडा नाही, असे संगणकाला सांगण्याची सोय आहे; तसे सांगितले की तो रेघ तेथे तोडतो. जुलैनंतर रेघ तुटते आणि सप्टेंबरला पुन्हा सुरू होते. खाली लिहिले आहे, 'ऑगस्टची नोंद उपलब्ध नाही.' दिसायला तो पहिल्याइतका चांगला नाही.