हलक्या दांड्याची लाज कुणाला?

मंडळी, या ब्लॉगवर आजवर शुद्धलेखन, पेन्शनच्या रांगा, शाळेतल्या आठवणी आणि कैरीचं लोणचं एवढेच विषय येऊन गेले. आज मी गोल्फवर लिहिणार आहे. आधी काय हसायचं ते हसून घ्या... झालं? आता वाचा.

लेक न्यू जर्सीला असते. एप्रिल ते सप्टेंबर मी तिच्याकडे आणि बाकीचे महिने इथे संभाजीनगरात, असं गेली काही वर्षं चाललंय. तिकडे गाडी चालवता न येणाऱ्या आई-वडिलांचं काय होतं हे ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. नातवंडं शाळेत, लेक-जावई कामावर आणि आपण खिडकीत. लेकीच्या घराजवळ काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या सरकारी संस्थेचं गोल्फचं मैदान आहे. गोल्फ म्हटलं की आपल्याला साहेबांचा क्लब आठवतो, पण तिकडे सरकारी मैदानावर पैसे भरून कुणीही खेळू शकतं, ज्येष्ठांना सवलतही असते. शेजारच्या एका कोल्हापूरच्या काकूंनी मला तिथे नेलं आणि सत्तराव्या वर्षी मला खेळ लागला. शाळेत असताना खो-खो खेळले होते, त्यानंतर थेट हेच.

या दिवाळीत इथे सगळे जमले होते तेव्हा मी सहज सांगितलं की यंदा स्वतःच्या पैशाने नव्या काठ्या घेतल्या, ग्राफाइटच्या दांड्याच्या. झालं! आमचे धाकटे भाऊजी नोकरीत असताना पुण्यात चार-सहा वेळा गोल्फ खेळलेले. ते म्हणाले, "वहिनी, ग्राफाइट म्हणजे लेडीज आणि रिटायर्ड लोकांचं. खरा खेळाडू स्टीलच वापरतो." भाच्याने मोबाइलवर किंमत काढून सगळ्यांना वाचून दाखवली. आणि कुणीतरी (नाव सांगत नाही, ब्लॉग वाचतात) ते ठेवणीतलं वाक्य टाकलं, "आता या वयात कशाला?"

तिथे मी फराळाचं बघायला उठले. उत्तर इथे देतेय. सवडीने वाचा.

ज्यांना या खेळातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. त्यातल्या लोखंडी पात्यासारखं डोकं असलेल्या काठ्यांना 'आयर्न' म्हणतात. त्यांना नंबर असतात. नंबर वाढेल तशी काठी आखूड होते आणि चेंडू जास्त उंच उडून कमी लांब जातो. डोकं धातूचंच, वाद आहे तो दांड्याचा. दांडा पोलादी नळीचा हवा की ग्राफाइटचा? ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं नव्हे, हे दहा जणांना सांगून झालंय. दोन्ही कार्बनच, पण हे कार्बनचे केसासारखे बारीक तंतू. रेझिनमध्ये भिजवलेले त्यांचे पातळ पापुद्रे सळईवर थरावर थर गुंडाळतात, भट्टीत पक्के करतात आणि सळई काढून घेतात. पापड लाटण्याला गुंडाळून वाळवला तर कसा होईल, तसं काहीसं. 'तेजस' विमानाच्या सांगाड्याच्या वजनातला 45 टक्के भाग असल्याच संमिश्र पदार्थांचा आहे. विमान आकाशात पेलतं ते माझ्या हातात कमअस्सल कसं ठरतं, एवढं भाऊजींनी सांगावं.

आता 'खरा खेळाडू स्टीलच वापरतो' याकडे वळू. मुळात पोलादच या खेळात उपरं आहे. आधी हिकरी नावाच्या लाकडाचे दांडे असत. पोलादी दांड्याला अमेरिकेच्या संघटनेने 1924 मध्ये परवानगी दिली. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजची जुनी मंडळी 1929 पर्यंत अडून बसली होती. म्हणजे आज जो 'अस्सल' म्हणून मिरवतोय त्यालाही एकदा दाराबाहेर उभं केलं होतं. ग्राफाइटचा दांडा 1969 मध्ये फ्रँक थॉमस या इंजिनिअरने काढला. तो ज्या कंपनीत होता तिचं नाव शेक्सपियर! नाव वाचून माझ्यातली बी.ए. चमकली, पण ही कंपनी मासे पकडायच्या गळकाठ्यांसाठी प्रसिद्ध.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुरुवातीचे ते दांडे फटक्याच्या वेळी पिळले जायचे आणि चेंडू वेडावाकडा जायचा. तेव्हा जाणत्या लोकांनी नाक मुरडलं ते बरोबरच होतं. पण ती गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. पापुद्रे कोणत्या कोनात गुंडाळायचे हे कळल्यावर पीळ आटोक्यात आला. लांब पल्ल्याची जी मोठी काठी असते, ड्रायव्हर, तिच्यात आज जगातले झाडून सगळे व्यावसायिक पुरुष ग्राफाइटच वापरतात. तिथे कुणाची मर्दानगी जात नाही, मग आयर्नमध्येच कशी जाते? आणि आयर्नचंच म्हणाल तर ब्रायसन डीशँबो हा अमेरिकन गडी बघा. व्यायाम करून, खाऊन-पिऊन त्याने अंगावर चांगलं मांस चढवलं, चेंडू फोडतो की काय असं वाटावं इतक्या जोरात मारतो. 2020 ची यू.एस. ओपन तो जिंकला तेव्हा त्याच्या आयर्नमध्येही ग्राफाइटचे दांडे होते. तो लेडीज की रिटायर्ड?

राहता राहिले मी. मी लेडी आहे आणि रिटायर्डही आहे. तेव्हा भाऊजींचं वाक्य शब्दशः खरं मानलं तरी मी अगदी योग्य वस्तू घेतली असंच ठरतं. मग आक्षेप नक्की कशाला होता?

आक्षेप दांड्याला नव्हताच. 'हलकं ते हलक्या माणसांचं' ही आपली जुनी खोड आहे. 1972 च्या दुष्काळात मी वीस वर्षांची होते. पितळी कळशी कमरेवर घेऊन किती लांबून पाणी आणलंय ते माझी कंबर अजून सांगते. पुढे प्लॅस्टिकच्या घागरी आल्या. तेव्हा ओसरीवर बसून "प्लॅस्टिकच्या पाण्याला चव नाही, पितळेची सर नाही" म्हणणारे बहुतेक कोण होते? ज्यांनी जन्मात एक कळशी उचलली नव्हती ते! पितळेच्या थोरवीवर वाहणाऱ्या बाईचं मत कुणी विचारलं नाही. तिने गुपचूप प्लॅस्टिकची घागर घेतली आणि चालू लागली. डॉ. अब्दुल कलामांनी क्षेपणास्त्रासाठी बनवलेल्या हलक्या पदार्थातून हैदराबादच्या दवाखान्यातल्या पोलिओग्रस्त मुलांसाठी कॅलिपर करून घेतले, तीन किलोंच्या जागी तीनशे ग्रॅमचे. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली. "पण सर, खरे कॅलिपर लोखंडाचेच ना?" असं एकाही पोराने विचारलं नाही. पोरांना कळतं.

भाच्याने सचिनचा दाखला दिला. त्याची बॅट तीन पौंडांच्या पुढची, मग जड वाईट कसं? अरे बाबा, लहानपणापासून त्याचा हात जड बॅटवरच घडलेला. 2004 मध्ये कोपर दुखावलं, 2005 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तरी हलकी बॅट त्याच्या हाताला मानवली नाही. त्याने स्वतःच्या हाताचं ऐकलं. मी पण तेच करतेय. तू मात्र मला त्याच्या हाताचं ऐकायला सांगतोयस.

माझ्या हाताचं सांगते. चौतीस वर्षं खडू धरला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, डब्याचं झाकण उघडायला नातवाला हाक मारावी लागते. सुरुवातीला जावईबापूंचा जुना संच वापरत होते. ते सहा फुटांचे, मी जेमतेम पाच. दांडे पोलादी आणि 'स्टिफ', म्हणजे कडक. चेंडूऐवजी जमिनीला काठी लागली की झिणझिणी अंगठ्यातून कोपरापर्यंत जायची, आणि नवशिक्याची काठी जमिनीलाच जास्त लागते. दोन दिवस कणीक मळता यायची नाही.

आता हिशोब. सात नंबरच्या आयर्नचं डोकं साधारण 270 ग्रॅम, मूठ पन्नासेक ग्रॅम. पोलादी दांडा 95 पासून 130 ग्रॅमपर्यंत, ग्राफाइटचा बहुधा 50 ते 80. फरक धरा पन्नास ग्रॅमचा, म्हणजे एक अंडं. भाऊजी म्हणाले, "एका अंड्याने काय होतंय?" काठी काही वाण्याच्या तराजूत ठेवलेली नसते, ती पूर्ण जोराने फिरवायची असते आणि तेही एका खेळात शंभरेक वेळा. दांडा हलका झाला की माझ्यासारख्या कमी ताकदीच्या माणसाची काठी जरा वेगाने फिरते. दुसरं म्हणजे ग्राफाइट कंप शोषून घेतं. पोलादातून झिणझिणी जशीच्या तशी हातात येते, यातून ती मऊ होऊन येते. संधिवात याने बरा होत नाही, आणि चुकीचा फटका चुकीचाच राहतो. माझा सात नंबर पूर्वी साठेक यार्ड जायचा, आता सत्तरच्या आसपास जातो. दहा यार्डांत काय मोठंसं, म्हणाल. मधल्या ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एवढाच फरक आहे. आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या करता येतात.

पण दुकानदारांनी खूश व्हायचं कारण नाही, त्यांच्यावरही माझा राग आहे. पहिल्या दुकानातल्या पोराने माझे पांढरे केस पाहिले, साडीकडे पाहिलं आणि काही न मोजता 'एल' लिहिलेला संच पुढे केला. एल म्हणजे लेडीज. दांड्याच्या लवचिकपणाला अशी अक्षरं असतात: एल, ए, आर, एस, एक्स. 'ए'ला काही जण सीनियर म्हणतात. गंमत म्हणजे या अक्षरांना कुठलंही सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीचा 'आर' दुसरीच्या 'एस'इतका कडक असू शकतो. बोर्डाची परीक्षाच नसावी आणि प्रत्येक शाळेने आपल्या मनाने श्रेणी वाटाव्यात तसा प्रकार. बरं, मोजायचा असतो तो काठी फिरण्याचा वेग. मग अक्षरात बाईपण आणि म्हातारपण कशाला घुसवायचं? परिणाम असा की मैदानावरचे पंचाहत्तरीचे आजोबा 'एल' किंवा 'ए' मागायला लाजतात, 'आर' घेतात, चेंडू झाडीत घालवतात आणि खांदा धरून बसतात. मी पाहिलेत असे. आपले मराठी आजोबाही त्यात आहेत.

दुसऱ्या दुकानात यंत्रावर मोजून मिळालं. तीन-चार प्रकारचे दांडे मारून पाहिले. 'एल' मला फारच लवलवीत वाटला, 'ए' बसला. ग्राफाइटच्या आयर्न पुष्कळदा पोलादीपेक्षा अर्धा इंच लांब येतात, त्या माझ्या उंचीला कापून घेतल्या. माझ्या संचाला पोलादापेक्षा शंभरेक डॉलर जास्त पडले. वीस-बावीस ग्रॅम कमी चालत असतील तर हलके पोलादी दांडेही मिळतात, आणि उलट शंभर ग्रॅमच्या पुढचे ग्राफाइटही निघालेत. तेव्हा नुसतं नाव बघून घेऊ नका. भाच्याची कोपरं धडधाकट आहेत, जोर भरपूर आहे, त्याने खुशाल पोलाद घ्यावं. स्वस्तही पडेल.

आता त्या शंभर डॉलरवर, म्हणजे 'या वयात कशाला'वर येते. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाकडे काय काय येतं ते एकदा मोजा. मुलाचा जुना मोबाइल, ज्याची बॅटरी दुपारी संपते. नातवाचे घट्ट झालेले बूट. हॉलमध्ये नवा टी.व्ही. आला की जुना आजीच्या खोलीत. सुनेचं नको झालेलं स्वेटर. सगळं प्रेमानेच येतं, नाही म्हणत नाही, पण एकही वस्तू आपल्या मापाची नसते. आणि ती वापरताना चूक झाली की "आईला जमत नाही". अहो, सहा फुटी माणसाचा कडक दांडा पाच फुटी बाईला नाहीच जमणार! मीसुद्धा वर्षभर समजत होते की खेळच आपल्याला जमणारा नाही. तिशीतल्या माणसाला चुकीची वस्तू मिळाली तर त्याचं शरीर सांभाळून घेतं. नेमकी मापाची वस्तू लागते ती सत्तरीतल्याला, आणि त्यालाच उरलंसुरलं द्यायची आपली रीत. पैसे माझ्या पेन्शनचे होते, हे तर मी अजून बोललेच नाही.

2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला बंगळूरची अदिती अशोक चौथी आली तेव्हा हीच सगळी मंडळी पहाटे उठून टी.व्ही.समोर बसली होती. त्याच ऑलिंपिकला पुण्याचा उदयन मानेही खेळला, ते कुणाला आठवत नाही, असो. अदितीचा फटका बाकीच्या बायांपेक्षा आखूड पडत होता, ती टिकली ती पटिंगवर. तेव्हा "ताकद काय कामाची, डोकं पाहिजे" असं भाऊजीच म्हणाले होते. माझ्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे :)

एप्रिलमध्ये पुन्हा जाणार आहे. जावईबापूंचा तो पोलादी संच त्यांच्या गॅरेजमध्ये झाडूशेजारी उभा आहे. भाऊजींना हवा असेल तर कळवावं, येताना घेऊन येते. एअरलाइनच्या वजनाचे पैसे त्यांनी भरायचे.