आज रात्री मुलाचा वरचा ओठ उचलून बघा

आईबाबांनो, आजी-आजोबांनो, अंगणवाडीच्या ताईंनो,

आज रात्री मूल झोपायला आलं की त्याचं डोकं मांडीवर घ्या, मोबाईलची बॅटरी लावा आणि वरचा ओठ अंगठ्यानं हलकेच उचलून समोरचे चार दात बघा. हिरडीला लागून खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसते का? निरोगी दाताला चकाकी असते, या रेघेला ती नसते. दिसली तर घाबरू नका, पण काम उद्यावरही ढकलू नका. दात किडायला लागल्याची ही पहिली खूण आहे आणि एवढ्यावर सावध झालं तर कीड थांबवता येते. रेघ तपकिरी होऊन तिथं खड्डा पडला की ती वेळ गेली. मोडलेलं हाड जुळून येतं, दाताचं कवच मात्र पुन्हा भरून येत नाही.

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे संक्रांत तोंडावर आली आहे. तिथपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाणं होतील. पूर्वी बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे पडायचे. आता चॉकलेटं, जेलीच्या गोळ्या आणि क्रीमची बिस्किटं पडतात. (बोराची बी आणि शेंगदाणा लहानग्याच्या घशात अडकू शकतो, तेव्हा तो खाऊ मोठ्या मुलांनीच वेचावा, हेही जाता जाता सांगते.) एका दिवसाच्या चॉकलेटांनी दात किडत नाहीत. पण त्या गोळ्या डब्यात भरून ठेवल्या जातात आणि महिना-दीड महिना पुरवल्या जातात. रोज दोन, रोज तीन, रडलं की एक. माझं भांडण त्या ‘रोज’शी आहे.

दाताला साखर किती मिळाली यापेक्षा किती वेळा मिळाली हे जास्त महत्त्वाचं असतं. दातांवर जो चिकट, पांढुरका थर बसतो त्यात जंतू राहतात. आपण गोड खाल्लं की तेही जेवतात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दातातलं कॅल्शियम विरघळवायला लागतं. मग लाळ कामाला लागते, आम्ल धुऊन काढते आणि गेलेलं कॅल्शियम थोडं थोडं परत बसवते. या दुरुस्तीला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात दुसरं बिस्कीट आलं की लाळेचं काम पुन्हा पहिल्यापासून.

आता आपल्या घरातला दिवस मोजा. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. अंगणवाडीत निघताना हातात पाच रुपयांचा पुडा. आल्यावर आजोबांच्या खिशातली गोळी. दुपारी टोस्ट, संध्याकाळी चॉकलेटची पूड घातलेलं दूध, पाहुणे आले तर आणखी काही, आणि झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. सात वेळा! एकदाही पोटभर नाही, पण लाळेला दिवसभर उसंत नाही. अशा मुलांच्या आया मला सांगतात, ‘मॅडम, तो गोड जास्त खातच नाही, नुसतं तोंडात काहीतरी लागतं त्याला.’ त्या खोटं बोलत नसतात. पण कीड लागते ती त्या ‘काहीतरी’नंच.

रात्रीच्या बाटलीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात वाईट दात मी तिच्यामुळेच पाहिले आहेत. झोपेत लाळ फार कमी सुटते. बाळ चोखता चोखता झोपतं आणि ते गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ पांघरूण घालते, म्हणून ते पुष्कळदा वाचतात. वरचे चार काळे आणि खालचे पांढरेशुभ्र असं तोंड उघडलं की आईला काही विचारायची गरजच उरत नाही. बाटली एकदम बंद करवत नसेल तर आधी साखर बंद करा, मग रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या. आठवड्या-दोन आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी राहील आणि बाळाचाच तिच्यातला रस संपेल. रडेल. दोन-तीन रात्री घरात कुणाला झोप मिळणार नाही. तेवढं सोसा.

‘दुधाचेच दात आहेत, पडायचेच की’ हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चावायला त्याच, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवायलाही त्याच. दाढ ठणकायला लागली की मूल एका बाजूनं खातं, मग भाकरी नको म्हणतं आणि मऊ मागतं. मऊ म्हणजे पुन्हा बिस्कीट. गाल सुजून, ताप घेऊन आलेलं चार वर्षांचं पोर खुर्चीत बसवताना माझेही हात जड होतात.

सहाव्या वर्षी आणखी एक फसगत होते. सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही आणि लागलाच तरी तीही दुधाचीच समजली जाते. ती पक्की दाढ असते, जन्मभराची. आठव्या वर्षी ती किडून आलेली पाहिली की मला त्या मुलापेक्षा मोठ्यांचाच राग येतो.

गोड किती वेळा खाल्लं याला इतकं महत्त्व आहे हे ज्या प्रयोगातून ठसठशीत कळलं, तो सांगायलाही लाज वाटावी असा होता. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ विपेहोल्म नावाची मतिमंदांची संस्था होती. 1940 च्या दशकात तिथल्या रुग्णांना त्यांची संमती न घेता चिकट टॉफ्या खायला घालून दात कसे किडतात ते पाहिलं गेलं. 1954 मध्ये निष्कर्ष छापून आले. जेवणाबरोबर साखर घेतलेल्यांचे दात फारसे किडले नाहीत. अधूनमधून चिकट गोड चघळणाऱ्यांच्या दातांची मात्र चाळण झाली. त्या माणसांनी मोजलेल्या किमतीतून स्वीडननं निदान एक रीत उचलली, मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची.

ही रीत आपल्याला स्वीडनकडून शिकायची गरजच नव्हती. आपल्याकडे बाजाराचा दिवस होता. आठवडी बाजारातून बाप घरी आला की पोरं पिशवीला लोंबकळायची. पिशवीत शेव, रेवड्या, कधी जिलबी. त्याच संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ती संपवायची आणि मग पुढच्या बाजारापर्यंत वाट बघायची. आता गल्लीच्या तोंडाशी टपरी आहे, तिथं खाऊच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या आहेत आणि रोजच बाजार आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की खाऊ पुन्हा बाजाराच्या दिवसापुरता ठेवा. शहरात राहत असाल तर रविवार धरा. त्या दिवशी जेवणानंतर काय हवं ते खाऊ द्या, वर पाणी पाजा. पुरणपोळी, शिरा, तिळगूळ यांच्यावर माझा अजिबात राग नाही, जेवणाच्या ताटात वाढा आणि मनसोक्त खा. दोन जेवणांच्या मधे भूक लागली तर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, पेरू, काकडी, बिनसाखरेचं दूध किंवा दही द्या. अगदी लहानांना दाण्याचं कूट करून द्या. जोर लावून चावायला लागलं की लाळ सुटते, आणि ती तर फुकटच मिळते.

काही गैरसमज आहेत. गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ असले तरी दातावरच्या जंतूंना त्यातला फरक कळत नाही, आणि चिक्की तर दाढेच्या खाचेत रुतूनच बसते. खारी, वेफर्स, चटपटीत पाकिटं गोड नसतात म्हणून सुटत नाहीत. त्यांचा पिठूळ लगदा दाताला चिकटतो आणि लाळेतच त्याची साखर होते. थंड पेयांत साखर असतेच, शिवाय मूळचं आम्लही असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम पाच-सहा चमचे, ठेवावी असं सुचवलं आहे. थंड पेयाच्या 300 मिलीच्या एका बाटलीतच ती संपते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत काही गावांत मुलांच्या दातांवर कायमचे तपकिरी डाग दिसतात. ते बहुधा बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे असतात, त्याचा दोष खाऊला देऊ नका आणि मुलाला ‘दात घासत नाहीस’ म्हणून मारूही नका. तिथं पाणी तपासून घ्या.

टपरीवाल्या दादांनो, तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. फक्त गोळ्यांच्या बरण्या पोरांच्या नजरेच्या वर ठेवा, आणि सुटे पैसे नाहीत म्हणून पोराच्या हातावर गोळी टेकवू नका. पाहुण्यांनो, लेकुरवाळ्या घरी जाताना केळी न्या. आजोबा, खिशात फुटाणे ठेवा. नातू चार दिवस रुसेल, पाचव्या दिवशी खिशात हात घालेलच.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या तपासणीत दातही असतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि आज रात्री पांढरी रेघ दिसलीच, तर दुखायची वाट न बघता या आठवड्यात जवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना मुलाच्या तोंडात काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय गेलं ते एका कागदावर लिहून न्या. चहातलं बिस्कीटही लिहा.