पाठीमागची फेक

रविवारी सकाळी चंदीगढमध्ये फिरायला निघालात आणि एखाद्या मैदानावर चार-पाच माणसं नऊ-नऊ फुटांच्या काठ्या घेऊन कोरड्या गवतावर गळ टाकताना दिसली, तर डोळे चोळू नका. ते आम्हीच. परवा एक आजोबा बराच वेळ थांबून बघत होते. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "बेटा, कुछ मिला?"

मासा मिळणार नव्हताच. हिमाचलच्या नद्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट पकडायला बंदी असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. तेवढे चार महिने आम्ही गवतावर हात सुधारतो. आणि खरं सांगू? नदीवर दोन वर्षांत जे जमलं नाही, ते या मैदानावर जमायला लागलं.

मी मूळचा मालवणचा. लहानपणी गरी टाकली होती, त्यामुळे फ्लाय फिशिंग काय अवघड, असं वाटायचं. इथेच फसलो. गरीला शिसं बांधलेलं असतं. ते भिरकावलं की दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय म्हणजे पिसं आणि धागे गुंडाळून केलेलं खोटं किडूक. त्याला वजनच नाही. वजन असतं ते जाड दोरीत. म्हणजे इथे दोरी फेकायची आणि किडूक तिच्यामागे जातं. पुढे फेकण्याआधी ती दोरी हवेत पाठीमागे पूर्ण सरळ व्हावी लागते. ती सरळ झाली की तिच्या ओढीने काठी वाकते आणि त्या वाकण्यातूनच पुढच्या फेकीला जोर मिळतो.

आता अडचण बघा. निम्मं काम तुमच्या पाठीमागे चालतं आणि तुम्ही बघत असता पुढे, पाण्याकडे.

मी एकटाच व्हिडिओ बघून शिकलो होतो. गेल्या मे महिन्यात तीर्थन नदीवर गेलो, तेव्हा अकरा वर्षांची मुलगी बरोबर होती. ती माझ्या मागे, माझ्या मते बरीच लांब, दगडावर बसली होती. मी काठी मागे घेतली, पुढे आणली, तर काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. झुडूप असेल म्हणून मी झटका दिला आणि ती ओरडली. गळ तिच्या टोपीच्या कडेत रुतला होता, डोळ्यापासून दोन बोटांवर. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतरचे दोन दिवस ती नदीकडे फिरकली नाही आणि मीही काठी बाहेर काढली नाही.

घरी आल्यावर एका ओळखीच्या सरदारजींना हे सांगितलं. ते पंचवीस वर्षं ट्राउटच्या मागे आहेत. त्यांनी ना समजूत काढली, ना उपदेश केला. म्हणाले, "संडे को ग्राउंड पे आ जाओ."

पहिला रविवार वाया गेला. मी एक फेक टाकली आणि पाच जणांनी पाच सल्ले दिले. दुसरी फेक पहिलीपेक्षा वाईट पडली, तिसरीत दोरी माझ्याच गळ्यात. तेव्हापासून आमच्यात ठरलं आहे की एकाने टाकायचं, एकाने बघायचं आणि बघणाऱ्याने एका वेळी एकच चूक सांगायची. बाकीच्यांनी चहा प्यायचा.

सरदारजी माझ्या मागे नाही, बाजूला लांब उभे राहिले. दहा-बारा फेका गप्प बघितल्या आणि एवढंच म्हणाले, "कलाई." माझं मनगट मागे पूर्ण मोडत होतं. त्यामुळे काठीचं टोक वर थांबण्याऐवजी कमान करत जमिनीकडे जायचं आणि टोक जिथे जातं तिथेच दोरी जाते. माझी दोरी मागे डोक्यावरून जात नव्हतीच, ती कमरेच्या उंचीवर पडत होती. बसलेल्या मुलीच्या टोपीच्या उंचीवर. हे दोन वर्षांत मला कळलं नव्हतं. कळणार तरी कसं?

उपाय अगदी साधा निघाला. काठीचं खालचं टोक शर्टाच्या बाहीत खोचायचं. मनगट मोडलं की बाही ताणली जाते आणि हाताला लगेच कळतं. दुसरी चूक घाईची होती. मागची दोरी सरळ होण्याआधीच मी हात पुढे आणायचो. दोरी जितकी लांब सोडली असेल तितकं जास्त थांबावं लागतं. हे थांबणं अंगात यायला मला तीन रविवार लागले. काठी आडवी धरून गवतालगत फेका टाकल्या, तर मान वळवून मागची दोरीही बघता येते. ही युक्ती आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीची. तिची फेक आम्हा सगळ्यांपेक्षा लांब जाते, कारण ती जोर लावत नाही.

तिच्यावरून जोन वुल्फ यांची आठवण होते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या कास्टिंग क्लबात त्या वडिलांमुळे जायला लागल्या, तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. १९५१ मध्ये त्यांनी लांब फेकीची स्पर्धा जिंकली, तेव्हा समोरचे सगळे स्पर्धक पुरुष होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये तर १९३८ पासून खास फेकीच्या सरावासाठी बांधलेले तलाव आहेत. मासे पकडायला नाही, फक्त फेकायला. आमच्याकडे तलाव नाही, पण गवताला कोण अडवतंय?

फोनवर संथ गतीचं चित्रण आम्हीही करतो. पण तीन चुका एकत्र दिसल्या की त्यातली मूळ कोणती, हे फोन सांगत नाही. ते माणूसच सांगतो. आणि गंमत म्हणजे दुसऱ्याचं मनगट मोडताना दिसलं की आपलं आपोआप ताठ होतं.

तुम्ही देहरादूनला असा, शिलाँगला किंवा बंगळूरला, काठीवाले दोघे भेटले तरी पुरे. गळ मात्र घरी ठेवा आणि दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा. टोपी, चष्मा हवाच. तीस फुटांवर एक थाळी ठेवा. वीस मिनिटं टाकलं की थांबा, दमलेला हात चुकाच पाठ करतो.

मार्चमध्ये हंगाम उघडेल. मत्स्य विभागाचा परवाना काढायचा आहे, तीर्थनला खोली सांगायची आहे. मुलगी येणार का, हे मी विचारलं नव्हतं. गेल्या रविवारी ती स्वतःहून मैदानावर आली, सरदारजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. तासभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी येईन, पण तुझ्या डाव्या बाजूला थांबेन. आणि चष्मा लावून."

मी हो म्हणत पुढची फेक टाकली.

"बाबा, मनगट!"